कोंबड्यांचा शॅम्पू: साबण बरा, लेबल भंपक

बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘आठवड्यातून एकदा वापरा’. बाटल्या खपल्या पाहिजेत हे समजू शकते, पण हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने कोंबडी कधी जवळून पाहिली नसावी. आठवड्याला अंघोळ घातलेली कोंबडी स्वच्छ राहत नाही, गारठते. पाच पैकी अडीच तारे देतेय. तेही बाटलीतल्या साबणाला, लेबलला नाही.

माझ्याकडे साध्या तपकिरी कोंबड्या आहेत आणि एक पांढरी सिल्की, म्हणजे कापसासारख्या मऊ पिसांच्या जातीची कोंबडी. पाऊस लागला की सगळ्या पोटापर्यंत चिखलाने माखतात. तपकिरी कोंबडीच्या बाबतीत उपाय एकच: काही करू नका. चिखल वाळतो, ती चोचीने पिसं विंचरते, पापुद्रे गळून पडतात. नंतर कोरडी जागा सापडली की पाय झाडत मातीत लोळते. ती लोळते ती मळण्यासाठी नाही. बारीक कोरडी माती पिसांतलं जादा तेल शोषते आणि उवांना जेरीस आणते, म्हणजे तिची खरी अंघोळ तीच. पावसाळ्यात अंगणात कोरडी माती मिळत नाही, म्हणून छपराखाली एका पसरट घमेल्यात माती आणि वाळू भरून ठेवते. शॅम्पूपेक्षा घमेलं जास्त उपयोगी पडलं, हे या परीक्षणात लिहायला जरा विचित्र वाटतंय, पण खरं आहे.

‘पिसांना चमक’ हा दुसरा दावा. कोंबडीच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची एक छोटी गाठ असते. तिथलं तेल चोचीला लावून ती अंगभर फासते. कुठलाही साबण आधी हेच तेल काढतो. पाहायचंच म्हणून एका तपकिरी कोंबडीला लेबलवरच्या मापाने धुतलं. वाळल्यावर पिसं फुगून सुंदर दिसली, मान्य. पण पुढच्या सरीत पाठीवरून पाणी ओघळेना, आत मुरायला लागलं. काही दिवसांनी तेल परत आलं तेव्हा ती पूर्ववत झाली. लेबलवरच्या मापाच्या निम्मा शॅम्पू पुरतो आणि त्यानेही फेस भरपूर होतो.

मग बाटली घ्यायची कुणासाठी? सिल्कीसाठी. तिच्या पिसांना हुकासारखे बारीक आकडे नसतात, त्यामुळे ती एकमेकांत अडकून सलग पातं बनत नाही आणि पाणी अडत नाही. ती कापसासारखी भिजते. शिवाय पायांवरही पिसं असतात. त्यांत चिखलाचे गोळे होऊन वाळले की तिला चालता येत नाही, ओढून काढले तर पिसं उपटून येतात. दुसरं कारण म्हणजे शेपटीखाली चिकटलेली शिट. ती तशीच राहिली तर माशा अंडी घालतात आणि अळ्या जिवंत कातडी खातात. हे ज्याने पाहिलंय तो अंघोळीवर वाद घालत नाही. मात्र तिथे पुन्हा पुन्हा घाण साचत असेल तर दोष पोटाचा असू शकतो. मग पशुवैद्याला दाखवायचं, शॅम्पूने ते बरं होत नाही.

या दोन कामांना साबण खरंच चांगला आहे. वास नावापुरता, आणि मुख्य म्हणजे पटकन निघतो. पिसांच्या मुळाशी राहिलेला साबण खाजतो, मग कोंबडी स्वतःलाच टोचत बसते.

लेबलवरची कृती तीन ओळींची आहे आणि कामाचं सगळं त्यात गाळलंय. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं. आपल्याला कोमट वाटणारं पाणी तिला गारच. मी पाणी ३८ अंशांच्या आसपास ठेवते. टब तीन: पहिल्यात साबण, दुसऱ्यात चमचाभर व्हिनेगर घातलेलं पाणी, तिसऱ्यात साधं. सिल्कीचे पाय मात्र आधी नुसत्या पाण्यात बराच वेळ भिजवायचे, गोळे आपोआप सुटतात. पिसांच्या दिशेनेच हात फिरवायचा. डोकं आणि चोच पाण्याबाहेर, कारण नाकपुड्या चोचीवरच असतात. गरम पाण्यात कोंबडी चक्क पेंगते, मान खाली जाते, म्हणून एक हात मानेखाली लागतोच. छाती आवळून धरू नका. तिला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं; छातीचं हाड वरखाली हललं तरच श्वास आत जातो. लेबलवर ‘घट्ट धरा’ असं लिहिलंय. हे वाचून मला राग आला.

पिल्लांना आणि पिसं झडून नवे कोंब फुटत असलेल्या कोंबडीला अंघोळ नाहीच. त्या कोंबांत रक्त असतं, दुखतात आणि तुटले तर वाहतात. हा इशारा बाटलीवर नाही.

वाळवणं हे धुण्यापेक्षा मोठं काम. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, मग ड्रायर कमी उष्णतेवर. ड्रायर कुठलाही चालत नाही: आतल्या भागावर टेफ्लॉनसारखा लेप असेल तर तो फार तापल्यावर निघणारा धूर पक्ष्यांना मारतो. सिल्की वाळायला अर्धा दिवस जातो. वरून वाळलेली वाटली तरी पोटाखाली बोट घालून बघा, तिथे ओल असते. रात्र पडण्याआधी वेळ नसेल तर फक्त पाय आणि शेपटीखालचा भाग धुवा, बाकीचं उद्या. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये यातलं काहीही करू नका. कोंबडी ठणठणीत दिसली तरी तिच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जंतू, असू शकतो.

आता ‘उवा आणि माइट (गोचिडीसारखे बारीक किडे) मरतात’ हा दावा. काही उवा पाण्याबरोबर वाहून जातात, पण त्यांची अंडी पिसाच्या बुडाशी डिंकासारखी चिकटलेली असतात, ती तिथेच राहतात. लाल माइट तर दिवसा कोंबडीवर नसतातच. ते खुराड्याच्या फटींत आणि बसायच्या दांडीखाली लपतात, रात्री येऊन रक्त पितात. दुपारी कोंबडी धुवायची आणि संध्याकाळी त्याच दांडीवर बसवायची, याने काय साधणार? साफ करायचं ते खुराडं.

चिखलाचंही तसंच. सतत ओल्या जागेत उभं राहून तळपायाची कातडी मऊ पडते, चिरते, आणि त्यातून जंतू शिरून गाठ होते. अंगावरचा चिखल काढून पाय त्यातच राहिले तर हे थांबत नाही. मी दाराशी चर काढून पाणी वळवलं आणि वर लाकडाचे जाड तुकडे पसरले. तेव्हापासून सिल्कीच्या अंघोळी बऱ्याच कमी झाल्या.

ही बाटली संपवीन, कारण साबण वाया घालवायचा नाही. नंतर बिनवासाचा लहान बाळांचा शॅम्पू आणीन, कामाला तोही पुरतो. ज्यांच्याकडे फक्त साध्या कोंबड्या आहेत त्यांनी मातीचं घमेलं भरावं. पायांवर पिसं असलेली एखादी असेल तर घ्यायला हरकत नाही. फक्त मोठी बाटली घेऊ नका, आणि लेबल सोलून टाका.