पाचव्या तारेची खुंटी: प्लॅनेटरी पेग काही महिने वापरल्यानंतर

पाच तारांच्या बँजोवर पाचव्या तारेसाठी ४:१ची प्लॅनेटरी खुंटी (आत गिअर असलेली, बटणाच्या चार फेऱ्यांना तार गुंडाळायचा दांडा एकदा फिरतो) बसवून आता बरेच महिने झाले. रोजचा रियाज झाला, चारचौघांत वाजवून झालं, कोरडी हवा आणि दमट हवा दोन्ही पाहून झाल्या, तारा कितीतरी वेळा बदलल्या. एवढ्या वापरानंतर ठामपणे सांगते, बँजोवर एकच गोष्ट बदलायची असेल तर ही बदला. वरच्या चार खुंट्या साधारण असल्या तरी निभतं, पाचवी मात्र चांगलीच हवी. मी बोलतेय ते चामडं किंवा प्लास्टिकची फिल्म ताणलेल्या गोल बँजोबद्दल, बटणं दाबून वाजवायच्या बँजोबद्दल नाही.

या तारेची जागाच वेगळी आहे. बाकीच्या चार तारा नेकच्या, म्हणजे दांडीच्या, टोकापासून निघतात. पाचवी मध्येच, पाचव्या फ्रेटपाशी (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) सुरू होते आणि तिची खुंटी नेकच्या कडेत आडवी बसते. सतारीची चिकारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल: दांडीच्या बाजूला खुंटी, आखूड तार, आणि काम एकच स्वर मधूनमधून वाजवत राहण्याचं. ही आखूड तार काही नंतरची भर नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या जोला लोकांच्या आकोंटिंग या वाद्यालाही अंगठ्याने छेडायची आखूड तार असते, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रातल्या भोपळ्याच्या बँजोवरही ती स्पष्ट दिसते.

ओपन जी ट्यूनिंगमध्ये (मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजेल अशा लावणीत) पाचवी तार वरच्या जीला लागते, सुमारे ३९२ हर्ट्झ, म्हणजे मोकळ्या पाचही तारांत सगळ्यात उंच स्वर. तीन बोटांच्या शैलीत अंगठा पुन्हा पुन्हा तिच्यावर जातो, आणि क्लॉहॅमरमध्ये (नखाने तारांवर खाली मारत वाजवायच्या शैलीत) तर ठेका पुरा करायचं कामच तिचं. त्यामुळे ती जराशी उतरली तरी चूक एका स्वरापुरती राहत नाही, सगळंच वाजवणं बेसूर वाटायला लागतं. तारेवर बोट दाबून सावरून घ्यायची सोयही नाही, कारण ती बहुतेक वेळा मोकळीच वाजते.

आता थोडं गणित, कारण खुंटीची निवड यावरच ठरते. नेहमीच्या बँजोवर नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) घोडीपर्यंत साधारण ६६७ मिलिमीटर अंतर असतं. पाचवी तार याच्या पाऊणपट, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या आसपास. ०.०१० इंची पोलादी तार जीला लावली की तिच्यावर सुमारे ६ किलोचा ताण येतो, आणि तेवढ्या ताणाने ती जेमतेम ३ ते साडेतीन मिलिमीटर लांबलेली असते. सगळा खेळ या तीन मिलिमीटरांत चालतो. अर्धा स्वर चढवायला ०.४ मिलिमीटर ओढ पुरते. तार गुंडाळायचा दांडा ६ मिलिमीटर जाडीचा धरला, तर साध्या १:१ खुंटीवर ही ओढ सात-आठ अंशांच्या फिरकीत येते. एका अंशाला साधारण १३ सेंट झाले (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). सरावलेला कान पाच-सहा सेंटचा फरक सहज पकडतो. म्हणजे साध्या खुंटीवर तुमच्या बोटांना अर्ध्या अंशाइतकी नेमकी हालचाल करावी लागते, तीही अशा खुंटीवर जी घर्षणाने अडकून राहावी म्हणूनच मुद्दाम घट्ट केलेली असते.

माझ्या बँजोवर आधी हीच घर्षणाची खुंटी होती. बटणाच्या टोकाला स्क्रू असतो, तो आवळला की आतले वॉशर दाबले जातात आणि खुंटी तार धरून ठेवते. स्क्रू सैल ठेवला तर गाणं संपेपर्यंत तार उतरते. आवळला तर दुसरीच अडचण येते. बटणावर जोर लावत जा, ट्यूनरचा (सूर दाखवणाऱ्या यंत्राचा) काटा जागचा हलत नाही, आणि मग एकदम टपकन खुंटी सुटते आणि काटा जीच्या पलीकडे जाऊन बसतो. मागे आणायला गेलं की तोच प्रकार उलट्या दिशेने. चांगल्या प्रतीच्या घर्षणाच्या खुंट्यांमध्ये हे कमी होतं हे खरं, आणि जुन्या धाटणीच्या बँजोवर लाकडी खुंटीच शोभते म्हणणाऱ्यांचं मला पटतंही. नायलॉनच्या किंवा आतड्याच्या तारा लावत असाल तर साधी खुंटी उत्तम चालते, कारण त्या तारा पोलादापेक्षा खूप जास्त लांबतात आणि फिरकीला वाव मिळतो. पोलादी तारेला मात्र गिअर हवेतच.

गिअरच्या खुंट्या दोन तऱ्हेच्या मिळतात. एकीत गिटारसारखी छोटी पेटी असते आणि बटण दांड्याशी काटकोनात बाहेर येतं. सूर अगदी बारीक लावता येतो, धरूनही छान ठेवते, आणि पुष्कळ कारखानी बँजोंवर हीच बसवलेली असते. मित्राच्या बँजोवर ती मी भरपूर वाजवली आहे. पण पेटी नेकच्या कडेला बाहेर येते, आणि डावा हात पाचव्या फ्रेटच्या वर-खाली सरकताना तिला लागतो. काहींना दोन दिवसांत सवय होते, मला झाली नाही. प्लॅनेटरीचं तसं नाही. तिच्यात मधल्या छोट्या चक्राभोवती आणखी चक्रं फिरतात, त्यामुळे दांडा आणि बटण एकाच रेषेत राहतात. बाहेरून ती साध्या सरळ खुंटीसारखीच दिसते, हाताला वेगळं काही लागत नाही. पाचव्या तारेच्या जागी हा गुण फार मोलाचा आहे.

मग ४:१ घ्यायची की १०:१? रिकार्ड कंपनीच्या सायक्लोनमुळे १०:१ची प्लॅनेटरी आता बऱ्याच जणांना माहीत आहे. वरचंच गणित लावलं तर ४:१वर अर्ध्या स्वराला साधारण ३० अंश फिरवावं लागतं, १०:१वर ७५ अंश. तुम्ही कायम ओपन जीमध्ये वाजवत असाल आणि पाचवी तार क्वचितच हलवत असाल, तर १०:१ घ्या, सूर लावायला याहून सोपं काही नाही. मी ट्यूनिंग सारखी बदलते. जीवरून ए, डीच्या ट्यूनिंगसाठी एफ शार्प, मग पुन्हा जी. जी ते ए हा प्रवास ४:१वर साधारण ६० अंशांचा आहे, बटण न सोडता मनगटाच्या एकाच वळणात होतो. आणि एका अंशाला तीन-साडेतीन सेंट म्हणजे बारकावाही पुरेसा मिळतो. दोन गाण्यांच्या मधे, लोक समोर बसलेले असताना, ही एका वळणाची सोय किती कामाची आहे ते वापरल्यावरच कळतं.

तार उतरवताना एक पथ्य मात्र पाळा. स्वराच्या थोडं खाली जा आणि तिथून वर चढत या. गिअरमध्ये थोडा प्ले, म्हणजे दातांमधला ढिलेपणा, असतोच, आणि वरून खाली येऊन थांबलात तर तो प्ले पुढे पहिल्या जोरदार ठोक्याला भरून निघतो आणि तार उतरते. माझ्या खुंटीत प्ले पहिल्या दिवशी होता तेवढाच आजही आहे, वाढलेला नाही. मधल्या काळात बटण थोडं हलकं फिरायला लागलं, तेव्हा टोकाचा स्क्रू किंचित, घड्याळाच्या काट्याच्या पाव फेरीहूनही कमी आवळला, काम झालं. जास्त आवळू नका, गिअरची मऊ चाल जाते.

कॅपो (सगळा सूर चढवायला नेकवर तारा दाबून धरणारा चिमटा) लावणाऱ्यांसाठी थोडं. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर असेल तर पाचवी तार एला हवी, चौथ्यावर असेल तर बीला. त्यासाठी पुष्कळ जण सातव्या आणि नवव्या फ्रेटमागे खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे बारीक खिळे बसवून घेतात आणि तार त्याखाली अडकवतात. खिळ्याखाली गेली की तार काही सेंट चढतेच, ती परत जागेवर आणायला गिअरची खुंटी लागते. एपर्यंत मी खुंटीनेच चढवते. बीला मात्र खिळाच वापरा, पातळ तार तेवढी ओढली तर तुटायची शक्यता वाढते.

सगळ्यात जास्त लक्ष बसवण्याकडे द्या. ही खुंटी नेकमध्ये दाबून बसवतात, तिला मागून आवळायचा, स्क्रूला असतो तसा नट नसतो. अंगावर बारीक रेघा असतात, त्या लाकडाला पकडतात. वेगवेगळ्या बनावटींच्या अंगाची जाडी वेगवेगळी असते, काहींचं अंग निमुळतं असतं, आणि जुन्या खुंटीचं भोक नव्याला जसंच्या तसं चालेल असं गृहीत धरता येत नाही. मागवण्याआधी व्हर्नियर कॅलिपरने जुन्या खुंटीचं अंग मापा, खोलीही मापा. भोक लहान पडलं तर रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) हाताने फिरवत, थोडं थोडं लाकूड काढत आणि दर वेळी खुंटी घालून बघत जा. मोठं पडलं तर कठीण लाकडाचा डाट चिकटवून पुन्हा भोक पाडणं हाच खरा इलाज आहे. कागद किंवा भरपूर गोंद भरून वेळ मारून नेऊ नका, पुढे कधी खुंटी काढायची झाली तर लाकूड सोबत येईल.

जुनी काढताना बटण उतरवून, अंगाला चामड्याचा तुकडा गुंडाळून पक्कडीने मागे-पुढे वळवत बाहेर ओढायची. हटत नसेल तर सोल्डरिंग आयर्नने धातू थोडा तापवला की पकड सुटते, फक्त पॉलिशला चटका लागू देऊ नका. नवी बसवताना हातोडी वापरू नका. नेकच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे मऊ तुकडे ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. फार जोर लागतोय असं वाटलं तर थांबा आणि भोक आणखी एक फिरकी मोठं करा. नेकचं लाकूड धाग्याच्या दिशेने उकलतं आणि ती चीर खुंटीपेक्षा कितीतरी महाग पडते. माझी एका वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराने बसवली, आणि ज्यांच्याकडे रीमर नाही त्यांनाही मी तेच सुचवेन.

खुंटी चांगली बसली आणि तरी सूर टिकटिक करत उड्या मारत चढतो असं झालं, तर दोष खुंटीत शोधू नका. पाचव्या फ्रेटपाशी तार ज्या छोट्या नटावरून जाते त्याची खाच बघा. खाच अरुंद असेल तर तार तिथे अडकते, ताण साठतो आणि एकदम सुटतो. तार सैल करून खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. तार दांड्यावर दोन-तीन वेढेच घ्या आणि ते नेकच्या बाजूला सरकत जातील असे घ्या, म्हणजे तार खाचेत सरळ उतरते.

एक तक्रार आहे, तीही बटणाची. माझ्या खुंटीबरोबर आलेलं बटण वरच्या चार बटणांपेक्षा लहान आहे, आणि घाम आलेल्या बोटांना त्याची पकड कमी मिळते. वरच्या चार खुंट्यांचा सेट आणि पाचवी बहुधा वेगवेगळी विकली जाते, म्हणून पाचवी मागवताना बटणाचा रंग जुळवण्याबरोबर त्याची रुंदीही विचारून घ्या.