बर्फातल्या हरणाच्या शिकारीसाठी पॅक बूट, दोन सीझन वापरून लिहितोय

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे उत्तरेकडच्या भागात, हरणाच्या शिकारीला जायचं म्हटलं की सगळे आधी रायफलचं बोलतात, स्कोप कोणता, गोळी किती ग्रेन वजनाची, आणि बुटांचं कोणी विचारतच नाही. मीही विचारलं नव्हतं. पहिल्या वर्षी १५ नोव्हेंबरला, म्हणजे रायफलचा सीझन उघडतो त्याच दिवशी, मी पावणेदहाला मचाणावरून खाली उतरलो कारण पायाला बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. कॅम्पवर जाऊन पाय शेकले, दुपारी परत आलो तर मचाणाखाली ताज्या बर्फात मोठ्या बकचे, म्हणजे नर हरणाचे, खूर उमटलेले, आणि ते माझ्याच परतीच्या पावलांवरून आडवे गेलेले. म्हणजे मी गेल्यावर तो आला होता. वर्षभर वाट बघून, चालत्या गाडीतून अख्खं राज्य पालथं घालून, मॅकिनॅक पूल ओलांडून तिथवर गेलो आणि हरीण गेलं ते बुटांमुळे. ते अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हा पायात होते ते चामड्याचे इन्सुलेटेड हायकिंग टाईप बूट, दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं की उणे ४० पर्यंत चालतात. (दुकानाचं नाव नाही घेत.) उणे ४० हा आकडा बऱ्याच खोक्यांवर दिसतो, सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्हीत तो एकच येतो म्हणून लक्षातही राहतो, पण त्याच्यावर जाऊ नका. चालता माणूस आणि बसलेला माणूस यांचं गणितच वेगळं. चालताना पाय स्वतःच गरम राहतात, मचाणावर चार तास हलायचं नसतं तेव्हा काहीच राहत नाही. वर त्या बुटातलं अस्तर शिवलेलं, बाहेर निघत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी घामाने ओलं झालं ते तिसऱ्या दिवसापर्यंत ओलंच.

आमच्या कॅम्पवर एक सत्तरीचे गृहस्थ असतात, जन्मच तिकडचा, त्यांनी माझे बूट हातात घेतले, आत हात घातला आणि एवढंच म्हणाले, "हे वाळणार कसे?" मग स्वतःचे दाखवले. खाली रबराचा डबा, वर चामडं, आणि आत फेल्टचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, जाड लायनर (अस्तर) जो अख्खा बाहेर ओढून काढता येतो. याला पॅक बूट म्हणतात. अशा बांधणीचे बूट बऱ्याच कंपन्या बनवतात म्हणून मी बांधणीबद्दलच लिहितोय, ब्रँड महत्त्वाचा नाही. माझे साधारण २०० डॉलरला पडले.

आता वापराचं. सगळा जीव त्या लायनरमध्ये आहे. संध्याकाळी कॅम्पवर आलं की पहिलं काम बूट काढून लायनर बाहेर, आणि लाकडाच्या शेगडीपासून तीन-चार फुटांवर दोरीवर टांगायचे. शेगडीला चिकटवून ठेवू नका, फेल्ट आक्रसतं आणि रबर तडकतं. रात्री त्यातून हलकी वाफ निघताना दिसते, ओल्या लोकरीचा वास सगळ्या खोलीभर, आणि पहाटे पाचला पाय घातला की कोरडा ठणठणीत. मी लायनरचा दुसरा जोड घेऊन ठेवलाय, तो सॅकमध्ये असतो. अंधारात बर्फ तुडवत मचाणापर्यंत चालत जायचं, घाम येतोच, मग वर चढायच्या आधी तिथेच लायनर आणि मोजे दोन्ही बदलायचे. दोन मिनिटं पाय उघडे राहतात तेव्हा जीव जातो पण नंतर दुपारपर्यंत बघायला नको. (मचाणावर चढताना हार्नेस, म्हणजे पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा, लावाच, निसरड्या पायऱ्यांवर हे बूट जड पडतात.)

साइज एक नंबर मोठा घ्या. मी आधी दोन-दोन जाडे मोजे कोंबायचो, बूट घट्ट व्हायचा, रक्त फिरायचं नाही आणि पाय आणखी गार. आता आत एक पातळ आणि वर एकच जाड लोकरीचा मोजा. कॉटनचा मोजा तर घरीच ठेवा, ओला झाला की तो गारच राहतो, लोकर ओली झाली तरी थोडी तरी ऊब धरते.

घेताना नीट बघायची जागा म्हणजे चामडं आणि रबर जिथे जोडलंय ती शिलाई. या प्रकारच्या शिकारी बुटांचा एक जुना किस्सा आहे, १९१२ मध्ये मेन राज्यातल्या लिऑन लिऑनवुड बीन यांनी रबराच्या तळाला चामड्याचा वरचा भाग शिवून बूट विकायला काढले, पहिल्या १०० जोडांपैकी ९० परत आले कारण तीच शिलाई उसवली, त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले आणि दुरुस्ती करून परत उभे राहिले. शंभरहून जास्त वर्षं झाली तरी कमजोर जागा तीच. माझ्या उजव्या बुटात दुसऱ्या सीझनला तिथूनच पाणी झिरपायला लागलं, तेही अर्धवट वितळलेल्या चिखलबर्फात पाच-सहा तास फिरल्यावर. कोरड्या भुसभुशीत बर्फात काहीच त्रास नाही. तरी २०० डॉलरच्या बुटाने दुसऱ्याच वर्षी असं करायला नको होतं, हे मी मनापासून सांगतो.

बाकी तक्रारी, वजन भरपूर, मैलभर चाललं की मांड्या बोलायला लागतात, त्यामुळे माग काढत दिवसभर चालायची शिकार करणार असाल तर हे घेऊ नका, हलके काहीतरी बघा. लेसचे हुक बर्फाने गोठतात, हातमोजे काढल्याशिवाय सुटत नाहीत. आणि हे घालून गाडी चालवू नका, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एकदम दाबले जातात.

पण बसायच्या शिकारीला याला तोड नाही. गेल्या सीझनला तिसऱ्या दिवशी लेक सुपिरिअरवरून येणारा बर्फ रात्रभर पडला होता, सकाळी थांबला, वारा माझ्या तोंडावर, म्हणजे माझा वास मागे जात होता. समोर सीडरच्या झाडांच्या दाटीत साठेक यार्डांवर एक मादी बसलेली मला तब्बल अर्धा तास दिसलीच नाही, कारण तिच्या पाठीवर बर्फ तसाच साचलेला. हिवाळ्यातल्या त्या राखाडी कोटाचे केस आतून पोकळ असतात, अंगातली ऊब बाहेरच येत नाही, मग बर्फ वितळणार कसा? फक्त कान हलला म्हणून कळलं. मी तिच्याकडे बघत राहिलो, पाय गरम, हलायची गरजच नाही. पाय बधिर झाले की माणूस नकळत बोटं हलवतो, मग टाच हलते, मचाण करकरतं आणि संपलं. नोव्हेंबरचा मध्य म्हणजे माजाचा काळ, मादी आहे तर बक येणार हे माहीत होतं, पण साडेअकरा वाजले. मग ती उठली, मागे वळून बघितलं आणि तिच्याच मागावर नाक खाली घालून तो बक आला, शिंगांना आठ टोकं असलेला. एक गोळी, चाळीस पावलांवर पडला.

खाली उतरून मी थोडा वेळ त्याच्याजवळ नुसता बसलो. मग त्याला परवान्याचा टॅग लावला, पोट साफ केलं, स्लेजवर बांधून पाऊण मैल ओढत आणला. मिशिगनमध्ये ७२ तासांच्या आत मारलेल्या हरणाची ऑनलाइन नोंद करावी लागते, ती कॅम्पवरूनच केली. ओढताना घोट्यापर्यंत घाम, लायनर पार भिजले, तरी टाचेला एक फोड नाही.

पाचपैकी चार. एक कापला तो शिलाईसाठी. कंपनीला फोटो पाठवलेत, उत्तर यायचंय, तोवर जोडावर सील करायचा गोंद लावून ठेवलाय आणि लायनरचा तिसरा जोड मागवलाय.