दोन कॅमेरे, एक बटण: नवी पेठेतल्या रिपेअरवाल्या काकांकडची तार

आधी निकाल सांगते. काम चोख, वेळेचा भरवसा नाही, बिल मागू नका. दोन कॅमेरे एका बटणावर चालवून स्टुडिओ फ्लॅशमध्ये स्टिरिओ फोटो (डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगवेगळे, म्हणजे एकत्र बघताना खोली जाणवते) काढायचे असतील, तर सोलापुरात मी तरी याच दुकानात पाठवीन. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत आहे. पाटीवर टीव्ही, मिक्सर, इस्त्री एवढंच लिहिलंय, कॅमेऱ्याचं नावही नाही.

दोन कॅमेरे हवेत कशाला, असं धंद्यातलेच लोक विचारतात. मूर्ती किंवा घडी घातलेली चादर असेल तर खरंच नकोत. एक फोटो घ्या, कॅमेरा थोडा सरकवा, दुसरा घ्या, झालं. माझं काम मात्र अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलवाल्यांचं होतं. ओला टॉवेल झटकायचा, थेंब उडताना पकडायचे, आणि खरेदीदाराने फोन पुठ्ठ्याच्या व्ह्यूअरमध्ये घालून बघितला की टॉवेलचे लूप हाताला लागतील असे दिसले पाहिजेत. डाव्या आणि उजव्या फोटोत थेंब किंचित जरी इकडेतिकडे झाला, तरी तो भलत्याच अंतरावर तरंगतो, नाहीतर डोळ्यांत जुळतच नाही.

माझ्याकडे सेकंडहँड घेतलेले दोन कॅनन 700डी आहेत. शेजारी शेजारी ठेवले तर दोन लेन्समध्ये निदान 133 मिलिमीटर अंतर पडतं, कारण बॉडीच तेवढी रुंद आहे. आपल्या डोळ्यांमध्ये असतं साधारण 65. आणि ढोबळ हिशोब असा, की सगळ्यात जवळची वस्तू जितकी लांब, त्याच्या तिसाव्या हिश्श्याएवढं लेन्समधलं अंतर ठेवायचं. म्हणजे मला चार मीटर मागे जावं लागणार. आमच्या स्टुडिओत चार मीटर मागे म्हणजे थेट जिन्यात! म्हणून दोन्ही कॅमेरे उभे करून तळाला तळ लावून पट्टीवर बसवले. अंतर बरंच कमी होतं, फक्त एका कॅमेऱ्याचे फोटो नंतर कॉम्प्युटरवर उलटे फिरवायचे.

ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त वायरलेस रिमोटने दोन्ही शटर उडायचे, पण कधी हा पुढे, कधी तो. फ्लॅश एकावर लावलेला, तो उडताना दुसऱ्याच्या शटरचा पडदा पूर्ण उघडा नसायचा, त्यामुळे त्याच्या फोटोत काळा पट्टा. कॅमेरा उभा म्हणून पट्टाही उभा, अर्धा टॉवेल गायब.

काकांनी रिमोट बघितलाच नाही. कॅमेऱ्याचं रबरी झाकण उघडून आतला सॉकेट पाहिला आणि म्हणाले, "हा तर अडीच एमएमचा जॅक, ताई. टोकाला शटर, मधल्या रिंगेला फोकस, मागे ग्राउंड." मला हे माहीत होतं, तरी त्यांनी मीटर लावून खात्री केली, हे आवडलं. मग प्लॅस्टिकच्या डबीत दोन बटणं बसवली. पहिलं दाबून धरलं की दोन्ही कॅमेरे अर्धं बटण दाबल्यासारखे तयार राहतात, दुसरं दाबलं की शटर. दोन्हीकडच्या तारा नुसत्या पिळून जोडल्या तर एका कॅमेऱ्याचा करंट दुसऱ्यात शिरू शकतो, म्हणून मध्ये करंट एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड टाकले. लेन्स मॅन्युअल फोकसवर हवीच. नाहीतर एक कॅमेरा फोकस शोधत बसतो आणि दुसरा मोकळा होतो.

खरी मजा पुढे. दुकानात अजून एक चालू पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे, चौदा इंची. दोन शटर किती पुढेमागे उडतात हे बघायला तो लावून त्यांनी मला दोन्ही कॅमेरे त्याच्यासमोर सारखेच आडवे धरायला लावले आणि 1/1000 सेकंदाच्या शटरवर फोटो काढायला सांगितला. ट्यूबवरचं चित्र वरून खाली रेघारेघांनी उमटतं, सेकंदाला 50 वेळा, म्हणजे एका फेरीला 20 मिलिसेकंद. एवढ्या वेगात फोटोत पडद्याचा एक पट्टाच उजळ येतो. दोन फोटोंतला पट्टा पाव पडदाभर सरकला तर फरक पाच मिलिसेकंदांचा. आमचा बोटभर सरकला होता, म्हणजे दोनच्या आसपास. तार बदलून, बटण बदलून बघितलं, तेवढाच राहिला. उशीर दर वेळी त्याच कॅमेऱ्याचा. काकांनी त्यावर चिकटपट्टी लावून पेनने 'मागचा' लिहून दिलं.

फ्लॅश त्या मागच्या कॅमेऱ्यावरूनच उडवायचा. शटर 1/200 ठेवलं तर एकूण वेळच पाच मिलिसेकंद, आणि त्यात शटरचा पडदा पूर्ण उघडा असतो तो त्याहून कमी. मी 1/30 ठेवते. दोन्ही पडदे आरामात उघडे असतात आणि फ्लॅशची एकच लखलख दोघांवर पडते. थेंब गोठवायचं काम ती लखलख करते, शटर फक्त दार उघडून उभं. अट एवढीच की खोलीत अंधार हवा. फ्लॅशमधला सतत जळणारा मॉडेलिंग दिवा बंद, खिडक्या बंद, आयएसओ 100, एफ 11. मे महिन्यात सोलापुरात हे करून बघा. पंखाही बंद, कारण मागचं कापड हलतं.

माझा फ्लॅश सासऱ्यांच्या काळातला. काका तो थेट कॅमेऱ्याला जोडू देईनात. काही जुन्या फ्लॅशांच्या सिंक तारेवर, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या तारेवर, शे-दोनशे व्होल्टही असतात. "मध्ये रेडिओ ट्रिगर घाला, फ्लॅश बिनतारी उडवणारा. जळला तर ट्रिगर जळेल, कॅमेरा नाही." एवढं सांगून ट्रिगर विकायचा प्रयत्नही केला नाही.

आता तक्रारी. "परवा या" याचा अर्थ परवा नव्हे. तार हेडफोनची वापरलीय, जॅकच्या मानेशी तुटणार हे दिसतंय, मी आत्ताच टेप गुंडाळलीय. आणि जॅक सरळ आहेत. कॅमेरे तळाला तळ लावले की एकाचा सॉकेट वर येतो, दुसऱ्याचा खाली, आणि खालचा जॅक स्टँडला अडतो. एल आकाराचा मागितला तर "पुण्याहून मागवावा लागतो" हे उत्तर, आणि मागवलेला नाही. साडेसहाशे रुपयांत एवढं तरी नीट हवं होतं.

नवीन कॅमेरे घेऊन जाणार असाल तर आधी वरचा हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच बघा. कॅनन 200डी टूच्या शूमध्ये मधला गोल पॉइंटच नाही, त्यामुळे साधा ट्रिगर त्यावर उडत नाही. त्यावर काकांकडेही इलाज नाही.

जाताना दोन्ही कॅमेरे, फ्लॅश आणि भरलेल्या बॅटऱ्या न्या. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.