पीसीओडीचं ९० दिवसांचं पॅकेज: पाळी आली, पैसे गेले

कर्वेनगरला पीजीत राहून हिंजवडीत नोकरी करणारी २६ वर्षांची मुलगी. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस, वर्षभरात वजन सात-आठ किलोंनी वाढलेलं. मोबाइलवर जाहिरात दिसली: ‘९० दिवसांत पीसीओडी मुळापासून बरा, हार्मोनच्या गोळ्या नाहीत, १०० टक्के रिझल्ट.’ पॅकेज ३८,००० रुपयांचं. तीन महिने संपले तेव्हा तिच्या हातात दोन सोनोग्राफी रिपोर्ट होते, एक ‘आधीचा’ आणि एक ‘नंतरचा’. त्यानंतर चार महिने पाळीचा पत्ता नाही. विचारायला गेल्यावर उत्तर मिळालं, ‘मॅडम, तुम्ही डाएट मोडलंत.’

असं काही झालं की घरचे आधी मुलीलाच बोलतात, एवढी शिकलेली आणि भुललीच कशी म्हणून. पण या पॅकेजांचा सगळा खेळ वेगळाच आहे. पीसीओडी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पीसीओएस, हा ओव्हरीच्या आणि हार्मोनच्या कामातला बिघाड; त्यात काही गोष्टी आपोआप किंवा अगदी साध्या औषधाने घडतातच. त्याच ‘रिझल्ट’ म्हणून दाखवायच्या आणि त्यांचे पैसे घ्यायचे. त्या कशा घडतात हे ठाऊक असलं की कागद हातात घेतल्याबरोबर खोट दिसते.

गिऱ्हाईक पकडायची एक हमखास जागा म्हणजे सोसायटीच्या क्लब हाऊसमधली ‘मोफत महिला आरोग्य तपासणी’. टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेली छोटी पेटी आणि वायरीच्या टोकाला धातूची दांडी. दांडी मिनिटभर मुठीत धरायची की प्रिंटरमधून पानंच्या पानं बाहेर येतात, त्यात ओव्हरीचं ‘कार्य’ लाल रंगात. याला क्वांटम अ‍ॅनालायझर म्हणतात. नाव, वय, उंची, वजन आणि लिंग भरल्याशिवाय हे यंत्र सुरूच होत नाही, यातच सगळं आलं. मुठीतल्या दांडीतून ना टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) मोजता येतं, ना ओव्हरी दिसते. शंका असेल तर लिंगाच्या रकान्यात ‘पुरुष’ भरायला सांगा आणि काय छापून येतं ते बघा. खऱ्या सोनोग्राफीचं मशीन असं कुठेही मांडता येत नाही. त्या जागेची पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली नोंदणी लागते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं.

लाल आकडे बघून आई घाबरलेली असतेच. समुपदेशक म्हणवणारी बाई मग मुलीला सोडून आईशी बोलायला लागते: ‘काकू, लग्न ठरायच्या आधीच निस्तरून टाका, नंतर मूल राहायला त्रास होतो.’ ही भीती निम्मी खोटी आहे. पीसीओएसमध्ये स्त्रीबीज अनियमितपणे सुटतं, पण सुटतं; म्हणूनच ‘आपल्याला राहणारच नाही’ असं समजून बेफिकीर राहणाऱ्यांना अचानक दिवस जातात. मूल हवं असताना अडचण आली, तर पहिलं औषध लेट्रोझोल, पाळीच्या सुरुवातीच्या काळात ५ दिवस, स्त्रीरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. लग्नाआधी ३८,००० भरून नंतरची सोय करून ठेवण्यासारखं यात काही नाही.

आता मुख्य हातचलाखी. पॅकेजच्या डब्यात पावडर, चहा, गमीज असतात आणि त्याबरोबर एक कागदी पुडी: दहा बारीक पांढऱ्या गोळ्या, ना पट्टी, ना नाव, ना बॅच नंबर. पुडीवर पेनाने लिहिलेलं ‘डिटॉक्स, रात्री १’. गोळ्या संपल्या आणि तीन-चार दिवसांत पाळी आली. मुलगी खूश, आई खूश, व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाचा मेसेज आणि पुढच्या हप्त्याची लिंक.

पुडीत काय होतं ते प्रयोगशाळेशिवाय सांगता येणार नाही, पण असं झालं तर पहिला संशय प्रोजेस्टेरॉन या हार्मोनवर घ्यावा. स्त्रीबीज सुटलं नाही की शरीरात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं. बाहेरून प्रोजेस्टेरॉन देऊन थांबवलं की ते अस्तर सुटून येतं. दवाखान्यात हेच उघडपणे करतात: मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम, ७ ते १० दिवस, आणि बंद केल्यावर साधारण २ ते ७ दिवसांत रक्तस्राव. औषध चांगलं आहे, स्वस्त आहे आणि वेळेवर दिलं तर गरजेचंही आहे. पण त्याने आलेली पाळी म्हणजे स्त्रीबीज सुटल्याचा पुरावा नाही, बरं झाल्याचा तर नाहीच. पुढच्या महिन्यात गोळी नसली की पाळीही नसते. शिवाय ही गोळी देण्याआधी दिवस गेलेले नाहीत ना, हे तपासायचं असतं. पुडी बांधून देणारा ते विचारत नाही.

पुडीत याहून वाईटही काही असू शकतं. बिनलेबलच्या ‘हर्बल’ चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेली सापडली आहेत. थोड्याच आठवड्यांत चेहरा गोल, सुजल्यासारखा झाला, पोटावर जांभळट चरे उमटले, साखर किंवा रक्तदाब वाढला, तर पुडी घेऊन थेट फिजिशियनकडे जा. बरेच आठवडे घेतलेलं स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकदम तोडायचं नसतं; शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं, त्यामुळे एकाएकी चक्कर, उलट्या, रक्तदाब घसरणं असं होऊ शकतं.

दुसरी चलाखी सोनोग्राफीची, आणि ही पकडायला जरा अवघड. ‘आधी’च्या रिपोर्टवर ‘बल्की ओव्हरीज, पीसीओ पॅटर्न’, ‘नंतर’च्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’. म्हणजे गाठी विरघळल्या! विरघळायला तिथे गाठी नव्हत्याच. दिसतात ती २ ते ९ मिलिमीटरची फॉलिकल्स, म्हणजे अर्धवट वाढून थांबलेली स्त्रीबीजांची घरटी. निरोगी तरुणीतही ती असतात, फक्त कमी. हल्लीचा निकष असा: योनीमार्गे केलेल्या चांगल्या मशीनच्या सोनोग्राफीत एका ओव्हरीत २० किंवा जास्त फॉलिकल्स, किंवा ओव्हरीचं आकारमान १० मिली किंवा जास्त. लग्न न झालेल्या मुलींची सोनोग्राफी आपल्याकडे सहसा पोटावरून, लघवी तुंबवून करतात. त्यात फॉलिकल्सची मोजणी भरवशाची नसते, म्हणून आकारमानच बघायचं. सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली, मशीन कोणतं, मोजणारं कोण, यावर आकडा हलतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तरी ओव्हरी लहान दिसते. तेव्हा दोन रिपोर्ट पुढे ठेवले की आधी तारखा बघा, पाळीचा दिवस लिहिला आहे का ते बघा, आणि आकारमान मिलीमध्ये दिलं आहे का. नुसतं ‘बल्की’ असेल तर तो रिपोर्ट कशालाच तोलून बघता येत नाही. मुळात पीसीओएस सुधारला का, हे बघायला पुन्हा सोनोग्राफी लागतच नाही. पाळीची डायरी पुरते.

१५-१६ वर्षांच्या मुलींची तर या कारणासाठी सोनोग्राफी करूच नये. पाळी सुरू झाल्यापासून पहिली ८ वर्षं ओव्हरी अशी दिसणं सर्रास असतं, आणि २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार त्या वयात निदानासाठी सोनोग्राफीही नको, एएमएच ही रक्तातल्या हार्मोनची चाचणीही नको. पाळीची अनियमितता आणि पुरुषी हार्मोनची लक्षणं, दोन्ही हवीत. दहावीच्या मुलीला पॅकेज विकणारे याच वयाचा फायदा घेतात. दोन वर्षांत पुष्कळ मुलींची पाळी आपसूक नीट होते आणि श्रेय चूर्णाला जातं.

रक्ताच्या तपासण्यांत लूट आहे, पण ती किमान समोर दिसते. ६०-७० चाचण्यांचं पॅकेज, त्यात एलएच-एफएसएचचं गुणोत्तर, फास्टिंग इन्सुलिन, व्हिटॅमिनांची रांग. निदानासाठी त्यातलं बरंचसं लागत नाही. प्रौढ बाईत तीनपैकी दोन गोष्टी असल्या की पीसीओएस ठरतो: पाळी अनियमित, म्हणजे २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांच्या पुढे किंवा वर्षात ८ पेक्षा कमी; पुरुषी हार्मोन जास्त असल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा; आणि सोनोग्राफी किंवा एएमएच. पहिल्या दोन असतील तर तिसरी करायची गरजच नाही. पण त्याआधी तसंच दिसणारे दुसरे आजार वगळायचे असतात. त्यासाठी टीएसएच (थायरॉइडची चाचणी), प्रोलॅक्टिन आणि १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या चाचण्या. शिवाय टेस्टोस्टेरॉन, लिपिड, रक्तदाब, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर. पुण्यात एवढ्यासाठी खास ‘पीसीओडी क्लिनिक’ लागत नाही. ससूनच्या किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत जाऊन केस पेपर काढता येतो.

एक बारीक गोम इथे सांगायला हवी. पॅकेजमधल्या केसांच्या गमीजमध्ये बायोटिन हे व्हिटॅमिन असतं, आणि जास्त मात्रेत ते कित्येक लॅबमधल्या हार्मोनच्या चाचण्या बिघडवतं. टीएसएच खोटं कमी, टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त असे आकडे येऊ शकतात. रक्त देण्याआधी निदान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबला सांगा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासण्यात अर्थ नाही. त्यासाठी गोळ्या बंद करून तीन महिने थांबावं लागतं, आणि त्या काळात दिवस जाऊ नयेत म्हणून दुसरी काळजी घ्यावी लागते.

वजनाचं मात्र खरं आहे, म्हणून त्यावर घाई करून टीका नको. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरल्यावर अनेकींची पाळी सुधारते. ८० किलोंच्या मुलीत ते ४ ते ८ किलो झाले. पण त्यासाठी दूध बंद, गहू बंद, ‘सीड सायकलिंग’ (पाळीच्या दिवसांप्रमाणे ठरावीक बिया खाणं) असं काही लागत नाही. अमुकच आहार सरस, असं आजवर दिसलेलं नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. भाकरी, उसळ, अंडी, ताक खाऊनही वजन उतरतं. पॅकेजवाले नेमकं हेच करायला लावतात आणि वर चहाची पुडी विकतात. इनोसिटॉल हे सप्लिमेंट घ्यायला हरकत नाही, पण त्याचा पुरावा तोकडा आहे. ते उपचाराच्या जागी नको. केसांचं तर खरं औषध घेऊनही निदान सहा महिने जातात, त्यामुळे ‘महिन्यात हनुवटी साफ’ म्हणणारा सरळ खोटं बोलतो.

पैशांपेक्षा मोठं नुकसान गेलेल्या वेळाचं. ९० दिवसांहून जास्त काळ पाळी नाही आणि औषधही नाही, असं वारंवार होत राहिलं तर अस्तर जाड होऊन पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. ‘डिटॉक्स चालू आहे, थांबा’ म्हणत सात महिने काढले तर कोणी जबाबदार नसतं. मानेवर काळपट मखमली चट्टे असतील तर साखर आधी तपासा. आवाज घोगरा होणं, टक्कल पडणं, केस दोन-चार महिन्यांत झपाट्याने वाढणं, हे पीसीओएससारखं नाही. त्यात गाठीची शंका घेऊन लगेच तपासावं लागतं.

पैसे भरण्याआधी कागद मागा. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक. अ‍ॅलोपॅथीचा असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येतो. ‘आमचे हार्मोन एक्स्पर्ट’ ही पदवी नाही. पावतीवर ‘वेलनेस कन्सल्टेशन, नॉन-रिफंडेबल’ लिहिलेलं दिसलं तर तिथेच उठा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे तुमच्या नावावर वित्तसंस्थेचं वेगळं कर्ज. क्लिनिकने शटर ओढलं तरी हप्ता कापला जातोच, आणि थकवला तर सिबिल बिघडतं. सही झालीच असेल तर कर्जाच्या कागदांत कूलिंग-ऑफची मुदत शोधा. ती थोडीच असते, पण तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं.

पैसे गेले असतील तर भांडायला जागा आहे. पाळीच्या तक्रारी बऱ्या करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा आहे. लठ्ठपणा आणि वंध्यत्वही त्याच यादीत आहेत. ‘आमचं औषध नाही, फूड सप्लिमेंट आहे’ असं ते म्हणाले, तर अन्नपदार्थ विकून रोग बरा करण्याचा दावा करायला अन्न सुरक्षेचे नियम परवानगी देत नाहीत. दोन्ही तक्रारी अन्न व औषध प्रशासनाकडे करता येतात. पैशांसाठी आधी लेखी नोटीस, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं कार्यालय दिल्लीकडे असलं तरी तुम्ही राहता किंवा काम करता तिथे, म्हणजे पुण्यात, तक्रार दाखल होते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. बिल दिलंच नसेल तर तीही अनुचित व्यापारी प्रथाच ठरते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह, यूपीआयची नोंद, समुपदेशकाचे मेसेज आणि दोन्ही रिपोर्ट जपून ठेवा. उरलेल्या गोळ्या फेकू नका. पेनाने लिहिलेल्या त्या पुडीसकट झिपच्या पिशवीत घालून ठेवा आणि तक्रारीत त्यांचा उल्लेख करा.