गोलकीपरची ट्रॉफी मिळेल का?

सांगलीत हरभट रोडवरून आतल्या गल्लीत वळलं की ट्रॉफ्या, ढाली आणि मोमेंटोंचं एक जुनं दुकान आहे. पाटीवरचं नाव २०१९ च्या महापुरात गेलं ते मालकांनी परत रंगवलंच नाही, म्हणून मीही लिहीत नाही. आत भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या खांद्याच्याही वर. रेघेच्या वरच्या फळ्यांवर महागाचा माल, खाली स्वस्तातला. ही मांडणी मला फार पटली.

मी निवृत्त मराठी शिक्षिका. नातू विश्रामबागेतल्या पोरांच्या फुटबॉल टीममध्ये खेळतो, आणि माझ्यावर कुणी लबाडीचा आळ घेणार नाही म्हणून मतमोजणी माझ्या गळ्यात पडली. कसली, तर 'वर्षाचा खेळाडू' निवडायची. ही टूम पोरांनी मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबकडून उचललीय. तिथे १९८७-८८ पासून हा मान समर्थकांच्या मतांवर देतात, आणि त्याला नाव आहे जुने मॅनेजर सर मॅट बझ्बी यांचं. पहिला मानकरी ब्रायन मॅक्लेअर. आमच्याकडे शेवटच्या मॅचला आलेल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी, आणि मतपेटी म्हणजे भडंगाचा रिकामा डबा. ६३ चिठ्ठ्या निघाल्या, सगळ्यांना लसणाचा वास. दोन बाद केल्या. एकीवर 'पंच' लिहिलं होतं, दुसरीवर 'आजी'. ४१ मतं गोलकीपरला.

कोचचं तोंड उतरलं, त्यांच्या मनात स्ट्रायकर होता. पण यंदा आम्ही इतक्या मॅच हरलो की काठावर उभं राहणाऱ्याला दुसरं कोण दिसणार? नातू म्हणाला, "आजी, डी गियाचं पण असंच झालेलं." २०१३-१४ ला युनायटेड सातव्या नंबरावर घसरलं, आणि समर्थकांनी गोलकीपर डेव्हिड डी गियाला निवडलं. पुढची दोन वर्षंही त्यालाच. मग मध्ये एक वर्ष अँडर एरेरा, आणि २०१७-१८ ला परत डी गिया, चौथ्यांदा. हे सगळं नातवाला पाढ्यासारखं पाठ आहे. पाढे मात्र नाहीत.

तर दुकान. फुटबॉलच्या तीसेक ट्रॉफ्या मांडलेल्या, आणि प्रत्येकीवर एकच माणूस, उजवा पाय मागे घेऊन लाथ मारायच्या बेतात. मी विचारलं, "गोलकीपर नाही का?"

"बाई, गोलकीपर कोण मागतंय वो? इतक्या वर्षांत तुम्हीच पहिल्या."

विकेटकीपर होता, पॅडसकट. कॅरमवाला होता, कबड्डीवाला होता. हाताने चेंडू अडवणारा फुटबॉलवाला तेवढा कुणी ओतलेलाच नाही.

दुसऱ्या कुणी 'ह्यातलीच न्या' म्हटलं असतं. मालकांनी काउंटरखालचं खोकं काढलं, त्यात सुट्या बाहुल्या. बराच वेळ चाचपून बास्केटबॉलवाला हाताला लागला, दोन्ही हात वर, बोटांत चेंडू. ट्रॉफी उलटी करून खालचा नट सोडला, सळईवरून लाथवाला उतरवला, हा चढवला. मग चष्मा कपाळावर सारून, काळ्या मार्करने त्या सुपारीएवढ्या चेंडूवर पंचकोन काढले. एक काढायचा, फुंकर घालायची, दुसरा काढायचा. पाच पंचकोन. जादा पैसे घेतले नाहीत.

आता तक्रार. पट्टीवर काय हवं ते मी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं, 'प्रेक्षकांच्या मते वर्षाचा खेळाडू'. कॉम्प्युटरवरच्या पोराने छापलं 'सर्वोत्कृष्ठ खेळाडू'. म्हणे तयार मजकूर तोच असतो. सर्वोत्कृष्ट कोण हे आम्ही विचारलंच नव्हतं, तो भाग वेगळा, पण ठ? हा ठ त्या कॉम्प्युटरात किती वर्षं बसलाय आणि जिल्ह्यातल्या किती शोकेसांत जाऊन पोचलाय, या विचाराने मला तिथेच घाम फुटला. पट्टी फुकट बदलून दिली, पण दुकान दीड ते चार बंद, त्यामुळे अडीच तास बहिणीच्या घरी काढावे लागले. जाणाऱ्यांनी सकाळीच जावं आणि पट्टी चिकटवायच्या आधी मोठ्याने वाचावी. पोराला तो शब्द मी पाच वेळा लिहायला लावला. त्याने लिहिला, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

चौदा इंची ट्रॉफीचे ६५० रुपये. संगमरवरी म्हणून सांगितलेला बेस संगमरवरी नाही, पण जड आहे, पंख्याच्या वाऱ्याने पडत नाही. सोनेरी रंग नखाने निघतो.

आणि बास्केटबॉलवाला असल्यामुळे आमचा गोलकीपर बिनबाह्यांच्या बनियनवर उभा आहे. त्याच्या आईने ट्रॉफी दारासमोरच्या शोकेसमध्ये ठेवलीय. रोज पुसून पुसून पाचातले तीन पंचकोन गेलेत. परवा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने विचारलं, "पोरगा बास्केटबॉल खेळतोय व्हय?"