एक रुपया कापल्याचा मेसेज मी बघितला होता

₹३५,५००. चार यूपीआय व्यवहार, सव्वा तासात, माझ्या अकरा वर्षांच्या मुलाच्या हातून. मोबाइल गेममधल्या फुकटच्या डायमंडचं (आभासी नाण्यांचं) आमिष दाखवायचं आणि गेमच्या चॅटवरून टेलिग्रामवर ओढायचं, हा प्रकार आता सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होता.

४.१२ ला बँकेचा मेसेज आला, खात्यातून ₹१ वजा. बघितला आणि बोटाने बाजूला सारला. ऑटोपे असेल म्हटलं. मुलाला पिन येतो का, याची ती चाचणी होती! मग ₹१,९९९, ₹९,५००, ₹२४,०००. टेलिग्रामवरचा तो 'ॲडमिन' मुलासोबत कॉलवर राहून क्यूआरचे फोटो पाठवत होता. "पहिले पैसे अडकलेत, पुढचे टाक म्हणजे सगळे सुटतील." पोरगं कचरलं तर, "पप्पांना सांगितलंस तर पोलीस त्यांनाच धरतील."

पिन त्याला मीच सांगितला होता, रिचार्जसाठी. कुठल्या घरात सांगत नाहीत? पण पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मात्र सांगायचं राहिलं. तुम्ही आजच सांगा. पिन आजच बदला. यूपीआय लाइट, म्हणजे ॲपमधलं छोट्या रकमांचं वॉलेट, तेही बंद करा, त्यात ₹१,००० पर्यंत पिन विचारतच नाही.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर १९३० लावला तर सतत एंगेज. लागला तेव्हा प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक) हवा होता, तो शोधण्यात वेळ गेला. आधीच लिहून घ्या. बँक म्हणते, पिन टाकलाय म्हणजे व्यवहार तुमचाच. पोलीस ठाणं म्हणतं, सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाल्यांना बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट हवं, आणि बँकेला त्यासाठी पोलिसांचं पत्र! भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावीच लागते. हे सांगितलं तर उत्तर मिळालं, "मुलाला फोन दिलाच कशाला?" चोर राहिला बाजूला, गुन्हेगार आम्ही.

मी आधी ओरडलो. घाबरून त्याने अख्खं चॅट डिलीट केलं, पुरावाच गेला. आधी स्क्रीनशॉट घ्या, बोलायचं ते नंतर बोला.

नवव्या दिवशी एका 'रिकव्हरी एजंट'चा फोन आला. रक्कम त्याला अचूक माहीत होती. पैसे परत मिळवून देण्याची फी ₹२,०००, आधी भरायची. तोही नंबर तक्रारीत जोडला आहे.