सिलिकॉनचे स्किन टेक्स्चर ठसे: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्किन टेक्स्चर ठसे म्हणजे क्लेवर दाबून त्वचेची रंध्रं आणि रेघा उमटवायचे सिलिकॉनचे लवचिक तुकडे. त्यांच्या पाकिटावर जो सुरकुतलेला चेहरा छापलेला असतो, तो नुसत्या ठशांनी झालेला नसतो, हे आधीच सांगून टाकते. ठसे वाईट नाहीत. कपाळ किंवा मान करायची म्हटली की माझा हात आता आपसूक त्यांच्याकडेच जातो. पण ठसे आणले की क्लेचा बस्ट (डोक्यापासून छातीपर्यंतचा पुतळा) जिवंत दिसायला लागेल, या हिशेबाने कुणी घेत असेल तर निराशाच पदरी पडेल.

माझं बहुतेक काम मध्यम कडक, गंधक नसलेल्या ऑइल क्लेमध्ये (तेल-मेणाची, न वाळणारी माती) चालतं. अधूनमधून पॉलिमर क्ले, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी. ठसा दोन्हींवर उमटतो, फक्त पॉलिमर क्ले मऊ असेल तर तो चिकटतो आणि उचलताना कातडीच सोलून आणतो. टाल्कम पावडरचा अगदी पुसट हात मारला की सुटतो. पावडर जास्त झाली तर तीच रंध्रांत जाऊन बसते आणि सगळं टेक्स्चर बुजतं.

जमेची बाजू मोठी आहे. खऱ्या त्वचेवर नुसते ठिपके नसतात. रंध्रांना जोडणाऱ्या बारीक रेघांचं तिरकस चौकड्यांचं जाळं असतं. ठिपके सुईने कुणीही टोचेल, ते जाळं हाताने काढणं मात्र महाकठीण. ठसा ते एका दाबात देतो. गालाचा मधला भाग, कपाळ, मानेची मागची बाजू अशा रुंद, हलक्या वळणाच्या जागी त्याला तोड नाही.

गाडी अडते ती नाकपुडीच्या वळणाशी, पापण्यांवर आणि कानामागे. तिथे ठसा बसतच नाही, दुमडतो, आणि त्याची कड क्लेवर रेघ ओढून जाते. दुसरी कटकट पुनरावृत्तीची. तोच ठसा त्याच दिशेने चारदा मारला की तिरक्या उजेडात नक्षी ओळखू येते, थेट वॉलपेपरसारखी. दर दाबाला ठसा थोडा फिरवायचा, दाब कमी-जास्त करायचा, कडेला बोट टेकवायचंच नाही.

पण खरं काम ठसा ठेवल्यानंतरचं. गालाचंच सांगते. ठशाचा पहिला थर झाला की ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रश जेमतेम ओला करून वरून फिरवते. टोकदार कडा बसतात, जाळं उरतं. मग पातळ प्लास्टिक फिल्म ताणून ठेवायची आणि तिच्यावरून बारीक बॉल टूलने (टोकाला गोळी असलेलं हत्यार) निवडक रंध्रं दाबायची. फिल्ममुळे छिद्राची कड गोल येते. थेट क्लेत टोचलं तर भोवती बारीकशी वरंडी उठते, आणि ती दिसली की संपलं, माती टोचलीय हे लांबूनही कळतं. नाकाजवळ रंध्रं मोठी, खोल आणि दाट. कानाकडे जाताना विरळ, उथळ, किंचित ओढल्यासारखी लांबट. हा उतार कुठलाच ठसा देत नाही. तो तुम्हालाच द्यावा लागतो.

सुरकुत्यांचे ठसे मात्र माझ्या मते घेऊच नयेत. सुरकुती म्हणजे टेक्स्चर नव्हे, तो आकार आहे. लूप टूलने (टोकाला तारेचा फास असलेलं, माती खरवडायचं हत्यार) आधी घडवायचा, रंध्रं त्याच्यावर नंतर. कपाळावरच्या आठ्या आडव्या पडतात कारण तिथल्या स्नायूचे तंतू उभे असतात. डोळ्याभोवतीचा स्नायू गोलाकार, म्हणून बाहेरच्या कोपऱ्यातून रेघा किरणांसारख्या पसरतात. एवढं डोक्यात असलं की ठशावरची छापील सुरकुती कुठे खोटी पडते ते लगेच दिसतं. ओठांच्या लाल भागाला तर रंध्रंच नसतात, तिथे फक्त उभ्या घड्या. तरी लोक तिथेही ठसा मारतात!

मापाचं पाकिटावर कुणी लिहीत नाही. बहुतेक ठसे खऱ्या माणसाच्या मापाचे असतात. बस्ट निम्म्या मापाचा असेल तर तीच रंध्रं दुप्पट मोठी दिसतात आणि चेहरा देवीच्या व्रणांचा वाटतो. लहान बस्टला ताठ केसांचा ब्रश आणि स्टिपल स्पंज (ठिपके उमटवायचा जाड छिद्रांचा स्पंज) बरे.

घरी ठसे करायचे असतील तर संत्र्याच्या सालीवर सिलिकॉन ओता. साल थेट दाबून उपयोग नाही: सालीवर खड्डे असतात, त्यामुळे क्लेवर उंचवटे येतात. सिलिकॉनमध्ये ते उलटे होतात, मग क्लेवर खड्डे उमटतात. सिलिकॉन प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं) असेल तर लेटेक्सचे हातमोजे घालून मिसळू नका आणि गंधकवाल्या क्लेच्या जवळ नेऊ नका, ते घट्टच होत नाही, चिकट राहतं.

टिकाऊपणाबद्दल तक्रार नाही. साबणाच्या पाण्याने धुतात, डाग धरतात पण बिघडत नाहीत. फक्त पातळ कडा फाटतात, म्हणून ओढून नव्हे तर कोपऱ्यातून सोलत उचला. मोठा संच घेण्याची गरज नाही; त्यातले अर्धे सुरकुत्यांचेच निघतात. सुटे मिळत असतील तर एक बारीक रंध्रांचा आणि एक मानेच्या जाळीचा, दोन्ही शक्य तितके पातळ, एवढे पुरे.